निळ्या खुणांची हजेरी

मंजुषा मॅडमना जिल्ह्यात ओळखत ते भाकरीच्या व्हिडिओमुळे. कोरोनात शाळा बंद झाल्या त्या वर्षी त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला आणि ज्वारीची भाकरी मोडत मोडत, घरच्या बोलीत, अपूर्णांक शिकवले. पवनारच्या पुढल्या एका लहान गावातल्या शाळेच्या पोरांसाठी केलेला तो धडा या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत पार नांदेड-साताऱ्यापर्यंत पोचला. अनोळखी मास्तरांचे फोन आले. पुढं वर्ध्याला शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. मॅडमना मनापासून आनंद झाला होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पोरं खरंच शिकत होती.

हजेरी त्या मोबाईलवरच घ्यायच्या. प्रत्येकाच्या घरी धडा पाठवायचा, तो बघितल्याची निळी खूण आली की पोरगं हजर. सातवीतल्या सुरभीची खूण रोज यायची. वर्गात असताना ही पोरगी मॅडमना धड पुढं जाऊ द्यायची नाही. उत्तर आधी सांगायची आणि वर तीन-चार शंका. आता तिची एकही शंका येईना. मॅडमना वाटलं, तिला सगळं समजत असणार.

दीड वर्षानं शाळा उघडली तेव्हा सुरभी आली नाही. आठवडाभर वाट बघून मॅडम तिच्या घरी गेल्या. तिची आई धुरपता अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. घरात फोन एकच, थोरल्या शुभमचा. तो सकाळीच वर्ध्याला गॅरेजवर कामाला जायचा, दिवेलागणीला यायचा. मॅडमचा धडा आला की तो उघडायचा आणि फोनमध्ये जागा उरत नाही म्हणून पुसून टाकायचा. सुरभीनं सुरुवातीला भांडून पाहिलं, मग सोडून दिलं.

"तुमी फोनमंदी होत्या मॅडम, अन् फोन वर्ध्याले जाये," धुरपता म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच मॅडमना ते सोसवेना.

सुरभी शेतातून आली, दाराशी उभी राहिली. तू मला सांगितलं का नाहीस, असं मॅडमनी विचारलं.

"तुमी सगळ्याइले शिकवून राह्यल्या होत्या," ती म्हणाली. "मले वाटलं, मीच मांगं राह्यली."

मॅडमनी तिला शाळेत आणलं. सुटल्यावर तासभर वेगळं शिकवायला बसवलं. पण आठवीचं गणित ज्या पायावर उभं होतं, तो पायाच मधून गळला होता. त्याच खोलीत बसणारी सहावीतली पोरंही पटापट उत्तरं देत, तेव्हा सुरभी वहीवर हात ठेवून बसायची. अकरा दिवस ती आली. बाराव्या दिवशी आईबरोबर भाजी घेऊन बाजारात गेली आणि पुन्हा वर्गात आली नाही. मॅडमनी आणखी तीन खेपा घातल्या. तिचे वडील बंडूजी दर वेळी चहा पाजायचे. शेवटी हात जोडून म्हणाले, पोरीचं मन लागत नाही, आता राहू द्या. हजेरीपटावर सातवीचं सुरभीचं वर्ष पूर्ण भरलेलं होतं. मॅडमनीच ते भरलं होतं.

यंदा उन्हाळ्यात सेलूच्या बाजारात मॅडमना कोणीतरी हाक मारली. वांग्यांच्या ढिगामागं सुरभी बसली होती, गळ्यात मंगळसूत्र. आपल्याला आता स्वतःचा फोन आहे, असं ती म्हणाली. मॅडमचे जुने धडे तिनं शोधून काढले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले होते.

"भाकरीवाला धडा समजला मले," ती म्हणाली. "पन पाह्यता पाह्यता काई अडलं, त विचारू कोनाले?"

"मला विचार. केव्हाही फोन कर," मॅडम म्हणाल्या आणि तिथंच नंबर दिला.

सुरभीनं तो फोनमध्ये टाकला आणि वाचून दाखवून खात्री करून घेतली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती तोलायला लागली.

मॅडमनी महिनाभर वाट पाहिली. सुरभीचा फोन आला नाही.