रंगूनचा ठसा

पाचूबंदरच्या लाकडाच्या वखारीत मी कारकून होतो. तिथे रोज एक म्हातारा कोळी यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. विकत काही घ्यायचा नाही. ओंडक्यांच्या तोंडावर हातोड्याने मारलेले व्यापाऱ्यांचे ठसे असतात, त्यांवरून अंगठा फिरवायचा आणि विचारायचा, "रंगूनचा का सयामचा?"

लढाईआधी आमच्याकडे होड्यांसाठी रंगूनचा साग यायचा. लढाईत तो बंद झाला, पुढे सयामचा येऊ लागला. मी "सयामचा" म्हटलं की म्हातारा तसाच माघारी फिरायचा. सुतार हसायचे. लाकूड चांगलं असलं म्हणजे झालं, मुलूख कशाला हवा?

बऱ्याच वर्षांनी एकदा रंगूनचा माल उतरला. म्हाताऱ्याने टोपी काढून काखेत धरली आणि एकेका ओंडक्यापाशी वाकत तो पार टोकापर्यंत गेला. परतला तेव्हा मी विचारलं, "बाबा, काय शोधता?"

"माजा पोऱ्या तिकडे ठसे मारायचा. लढाईपासून पत्ता नाय. डावरा होता, त्याचा ठसा कलता पडायचा." त्याने अंगठा कमरेच्या रुमालाला पुसला. "हे सगले सरल."

दुसऱ्या दिवशीही तो आला. सयामच्या एका ओंडक्यावर पहिल्यांदाच टेकला, आणि काही विचारलं नाही.