हिरव्या कापडावरची इस्त्री

पडदेवाल्या वहिनींनी आपल्या नवऱ्याला एका नर्सबाईबरोबर टेबलावर रंगेहाथ पकडलं, अशी बातमी आमच्या इमारतीत तळमजल्यावर निघाली आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या टेबलाचा पलंग झाला. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्याकडे ती आली तेव्हा टेबलावर नुसती चादर घालून झाली होती.

दुरुस्ती मीच करते, कारण वहिनी माझ्या भिंतीपलीकडच्या. टेबल होतं, पण पूल खेळायचं, म्हणजे काठीने बॉल भोकांत घालायचं, टायरच्या दुकानावरच्या हॉलमधलं. नर्सबाई होत्या, पण टेबलाच्या त्या टोकाला. भोवती तीन पेन्शनर खुर्च्या टाकून बसले होते, त्यातला एक चक्क जागा होता. आणि हात रंगलेले होते हे मात्र खरं. खेळायच्या काठीच्या टोकाला लावतात त्या खडूने, निळे.

वहिनी पडदे शिवतात. खालीच त्यांचं दुकान आहे आणि दुकानात एक लांबलचक कापायचं टेबल. त्यांचे यजमान कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, हे मागच्या खोलीत मेण वितळवून, एकेक दात चिमट्याने बसवून कवळी तयार करतात. गल्लीतले निम्मे म्हातारे ह्यांच्या दातांनी हसतात. स्वतः कवळीवाले मात्र फारसे हसत नाहीत. जेवताना ताटाकडे, चालताना चपलांकडे, आणि बायको बोलायला लागली की पंख्याकडे बघायचं, अशी त्यांची शिस्त. वहिनींनी नवीन पडदे लावले तर ह्यांना कळायला दुसरे लावायची वेळ यायची.

अशा माणसाच्या बाहीवर निळे डाग दिसायला लागले. वहिनींनी विचारलं तर म्हणाले, "अगं, तो चावायचा कागद." कवळीचे वरचे-खालचे दात कुठे टेकतात हे बघायला ते मध्ये एक पातळ निळा कागद धरतात, त्याचा रंग लागतो, हे घरात सगळ्यांना माहीत. पण त्या कागदाचा डाग साबणाच्या बापाला दाद देत नाही, आणि हा नुसत्या पाण्यात निघून गेला! वहिनी ओली बाही हातात घेऊन माझ्या दारात उभ्या.

"बघा हो. डाग गेला."

"मग बरंच झालं की," मी म्हणाले.

"बरं काय झालं? जायला नको होता!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कवळीवाल्यांचा माग काढत आम्ही दोघी टायरच्या दुकानाशेजारचा जिना चढलो. मी का गेले? शेजारधर्म म्हणून. आणि न जाऊन मला झोप आली असती का?

वर गेलो तर कवळीवाले गुडघे टेकून, हनुवटी टेबलाच्या कडेवर ठेवून, एक डोळा मिटून बसले होते. टेबलाच्या मधोमध सहा रंगीत बॉल एकमेकांना चिकटून मांडलेले. दोन बॉलांच्या मध्ये हे आपला चावायचा निळा कागद सरकवत होते, ओढून काढत होते, डाग बघत होते. समोर नर्सबाई क्यू, म्हणजे ती खेळायची लांब काठी, धरून वाकलेल्या. बाई डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला, हसल्या की टायरच्या दुकानापर्यंत ऐकू जाणार.

"झालं का, उस्ताद?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी माझा दंड धरला. उस्ताद!

कवळीवाल्यांनी मान वर केली. नर्सबाई त्यांच्याकडे बघत होत्या, हे त्यांच्याकडे. मग ह्यांनी हळूच मान हलवली, नर्सबाईंनी पांढरा बॉल मारला, आणि सहा बॉल सहा भोकांत गेले, आपापलं घर माहीत असल्यासारखे. नर्सबाईंनी तळहात पुढे केला. कवळीवाल्यांनी त्यावर टाळी दिली. आणि हसले. स्वतःच्या खऱ्या दातांनी.

तेव्हा त्यांना आम्ही दिसलो. तो हात तसाच हवेत राहिला.

मला वाटलं, आता क्यू मोडणार. पण वहिनी टेबलाजवळ गेल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मलाही शिकवा की."

हॉलचे मालक खूश झाले. त्यांच्याकडे करामती शॉटची वर्षाची स्पर्धा जवळ आली होती. जोडीने उतरायचं, एकाने मांडायचं, दुसऱ्याने मारायचं. अजून एक जोडी मिळाली तर त्यांना हवीच होती.

"मी ह्यांच्याबरोबर उतरते," वहिनी म्हणाल्या.

कवळीवाले पंख्याकडे बघायला लागले. "अगं, नर्सबाईंना शब्द दिलाय."

"आणि मला लग्नात काय दिलं होतं?"

"तेव्हा कुठे पूल होता?" असं ते बोलून गेले. जागा असलेला पेन्शनरसुद्धा मग झोपला.

वहिनी घरी येऊन काय म्हणाल्या ते ऐका. टाळीचं त्यांना काही नव्हतं. उस्ताद म्हणाली, म्हणू दे, दवाखान्यात बायका कुणालाही काहीही म्हणतात. "पण ती बघत होती ना ह्यांच्याकडे, मान हलेपर्यंत? आणि हे तिच्याकडे? माझ्याकडे हा माणूस एवढा वेळ शेवटचा कधी बघत होता, सांगा. फोटोवाल्याने 'हलू नका' म्हटलं होतं तेव्हा!"

मला हसू आवरेना. त्या हसत नव्हत्या.

तर वहिनींनी ठरवलं, त्या स्पर्धेत नर्सबाईंच्या जागी ह्यांच्या समोर आपणच उभं राहायचं. मालकांकडून टवके उडालेले जुने बॉल आणि एक वाकडी क्यू आणली. कापायच्या टेबलावर अस्तराचं जाड कापड ताणून बसवलं, कडांना पट्ट्या ठोकल्या. भोकं पाडता येईनात, म्हणून कोपऱ्याशी मला पातेलं धरून उभं केलं. बॉल आला की मी झेलायचा. पहिल्या दिवशी पातेल्यात काही आलं नाही, माझ्या गुडघ्यावर मात्र दोनदा आलं. आमचे हे विचारायला लागले, "तू रोज पातेलं घेऊन कुठे जातेस आणि रिकामं घेऊन कशी येतेस?"

वहिनी अधूनमधून हॉलमध्येही जायच्या, कोपऱ्यात बसून बघायच्या. बघून बघून त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि त्या धावत माझ्याकडे आल्या.

"अहो, मारण्यात काही नाहीच! मांडलेलं बरोबर असलं की मांजराने शेपटी मारली तरी बॉल जातात. ती बाई म्हणजे नुसती शेपटी!"

दोन दिवस स्वारी खुशीत. तिसऱ्या दिवशी चेहरा पडलेला. कारण हिशेबाची दुसरी बाजू दिसली होती. मारणं जर काहीच नाही, तर सगळी किंमत मांडण्याची. म्हणजे ते सगळं कसब, तो सगळा जीव, गुडघे टेकून, श्वास धरून, हे त्या शेपटीपायी ओतत होते! घरात ह्यांना उशी सरळ ठेवता येत नाही.

मत्सराचं असं असतं बघा, एक खिडकी बंद करावी तर तो दारातून चहा मागत येतो.

मग वहिनींनी मारायचं सोडलं आणि मांडायला सुरुवात केली. मालकांनी समजावलं, "वहिनी, मारणं चार दिवसांत येतं. मांडायला जन्म जातो." वहिनी म्हणाल्या, "जन्म तसाही त्यांच्यापायीच चाललाय."

मांडण्याचं मर्म असं, की दोन बॉल नुसते जवळ असून चालत नाहीत, टेकलेच पाहिजेत. केसाएवढी फट राहिली तरी बॉल भलतीकडे जातो. कवळीवाले ती फट निळ्या कागदाने ओळखायचे. वहिनींकडे कागद नव्हता. त्या टेबलाशी खाली वाकायच्या आणि पलीकडे दिवा ठेवून बॉलांच्या मधून उजेड येतो का ते बघायच्या, दोन पडद्यांच्या मधली फट बघतात तसं. उजेड दिसला की बोटाच्या नखाने हलकेच ढकलायचं. पुन्हा वाकायचं. मी पातेलं धरून उभी, माझ्या हाताला मुंग्या, आणि वहिनींचं चाललंय "थांबा हं, अजून एक रेघ दिसतेय."

एकदा हॉलमध्ये त्यांनी मालकांना विचारलं, "ह्यांचे बॉल घरंगळत कसे नाहीत? ठेवले की जागच्या जागी!" मालकांनी कौतुकाने दाखवलं. कवळीवाले बॉल जागेवर ठेवायचे आणि दुसऱ्या बॉलने त्याच्या डोक्यावर टकटक ठोकायचे. रोज, त्याच जागी. त्यामुळे कापडात सहा बारीक खळगे पडले होते, डोळ्यांना दिसायचेही नाहीत. बॉल आपोआप त्यांत बसायचे. "महिनोन्‌महिने बसून केलेत तुमच्या यजमानांनी," मालक म्हणाले. शिवणीवरून फिरवतात तसं वहिनींनी त्या खळग्यांवरून एक बोट फिरवलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मालक घाबरेघुबरे दुकानात. दरवर्षी टेबलाच्या कापडाला कोमट इस्त्री करावी लागते, लव एका दिशेला बसते, बॉल सुळकन पळतो. इस्त्री करणाऱ्याचा हात प्लॅस्टरमध्ये. "वहिनी, तुमच्या हाताला कापडाची सवय, तेवढं कराल?"

वहिनी इस्त्री घेऊन निघाल्या. वायर धरायला मी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकाच दिशेने, संथपणे इस्त्री फिरत गेली. मधल्या भागावरून एक हात जास्त फिरला असं मला वाटलं. पण कापडातलं मला काय कळतं? मी वायर धरली होती.

संध्याकाळी हॉल भरला. आधी दोन टकले भाऊ आले. त्यांनी एक बॉल उडवून काचेच्या ग्लासात टाकला, टाळ्या पडल्या. मग कवळीवाले आणि नर्सबाई. प्रत्येक जोडीला दोन संधी होत्या. कवळीवाल्यांनी रोजच्यासारखा पहिला बॉल ठेवला. तो हलला. पुन्हा ठेवला, पुन्हा हलला. त्यांनी कापडावर हात फिरवला, आणि दाढ काढल्यावर जीभ जशी मोकळी जागा शोधत राहते तशी त्यांची बोटं काहीतरी शोधत राहिली. ठोकायला वेळ नव्हता. कसेबसे सहा बॉल मांडून त्यांनी मान हलवली. नर्सबाईंनी रोजच्याच जोराने मारलं, पण इस्त्रीने टेबल गुळगुळीत झालेलं, बॉल दुप्पट पळत होते. दोन बॉल गेले, चार उधळले, त्यातला एक टेबलावरून उडून झोपलेल्या पेन्शनरच्या मांडीत. ते दचकून म्हणाले, "आलो, आलो!"

कवळीवाले पांढरेफटक पडले. नर्सबाईंनी वहिनींकडे बघितलं, मग क्यू पुढे केली. बाई दिलदार, आणि तिखट.

"घ्या वहिनी, दुसरी संधी तुम्हीच मारा. मघापासून डोळ्यांनी मारताच आहात!"

सगळे हसले. वहिनी उठल्या, क्यू घेतली, आणि ती नवऱ्याच्या हातात दिली.

"मी मांडते. तुम्ही मारा."

"मी?" कवळीवाले म्हणाले. "मी कधी मारलं नाही."

"मग आज मारा. तिकडे जाऊन उभे राहा. आणि मी मान हलवेपर्यंत हलायचं नाही."

ते गेले. जाणार कुठे?

वहिनींनी मालकांकडून टॉर्च मागून घेतला आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवला. गुडघ्यावर बसल्या. त्यांना खळग्यांची सवयच नव्हती. अस्तरावर त्या खळग्यांशिवायच शिकल्या होत्या. एक बॉल, दुसरा, तिसरा. वाकून उजेड बघायचा, नखाने ढकलायचं. सहावा बॉल टेकला तेव्हा उजेडाची एकही रेघ उरली नव्हती, मला माझ्या जागेवरून दिसत होतं.

मांडून झालं. वहिनी उभ्या राहिल्या. पलीकडे कवळीवाले काठी धरून वाकलेले, घाम फुटलेला, आणि नजर बायकोच्या चेहऱ्यावर. पंख्यावर नाही, चपलांवर नाही. वहिनी बघत राहिल्या. मान हलवेनात! मालकांनी घड्याळाकडे बघितलं. नर्सबाई माझ्या कानात कुजबुजल्या, "अहो, झालंय ना मांडून?"

"मांडून केव्हाच झालंय," मी म्हणाले. "आता वसुली चाललीये."

शेवटी वहिनींनी मान हलवली. कवळीवाल्यांनी मारलं, घाबरून हळूच मारलं, आणि त्या गुळगुळीत टेबलाला तेवढंच हवं होतं. पाच बॉल पाच भोकांत गेले. सहावा भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबला, आत या म्हटल्याशिवाय न येणाऱ्या पाहुण्यासारखा. बक्षीस टकल्या भावांना मिळालं. पण कवळीवाले असे हसत होते की दोघांपैकी एक टकला मला म्हणाला, "जिंकलं कोण नक्की?"

नर्सबाईंनी टाळीसाठी हात पुढे केला. मधे वहिनींनीच आपला हात घातला आणि त्यांची टाळी घेऊन टाकली.

आता रोज संध्याकाळी दोघं नवरा-बायको जिना चढतात. नर्सबाईंनी मालकांशी जोडी जमवली आहे आणि त्यांना उस्ताद म्हणतात. मालकांच्या घरी काय चाललंय ते मला अजून कळलेलं नाही, कळेल.

आणि इमारतीत नवी बातमी निघालीच. वहिनींनी त्या दिवशी इस्त्री मुद्दाम फिरवली. चौथ्या मजल्यावर ती पोचेपर्यंत टेबल जळून खाक झालं होतं. म्हटलं, दुरुस्तीआधी विचारून तरी घ्यावं. वहिनी दुकानात अस्तर कापत होत्या.

"वहिनी, खरं सांगा. मधे खळगे होते हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

कात्री न थांबवता त्या म्हणाल्या, "ठाऊक नसायला काय झालं? माझ्या नवऱ्याने दुसऱ्या बाईसाठी केलेले खळगे मी जपून ठेवीन होय?"