कापडी डायपर गळतात म्हणे...

गेल्या गुरुवारी संध्याकाळी लेकीला आणायला पाळणाघरात गेलो, तर काकूंनी दारातच ओल्या कपड्यांची पिशवी हातात ठेवली. "हे कापडी डायपर बास झाले. रोज गादी भिजतेय. सोमवारपासून ते वापरून फेकायचे पाठवा, नाहीतर दुसरं पाळणाघर बघा."

अस्मिता, म्हणजे माझी बायको, नुकतीच कॉलेजात पुन्हा शिकवायला लागली होती. आणि मैत्री, आमची नऊ महिन्यांची लेक, रडून रडून आत्ता कुठे काकूंकडे रुळली होती... सकाळी त्या दिसल्या की माझ्या कडेवरून थेट त्यांच्याकडे झेप घ्यायची. ती जागा गेली तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं.

मग वापरून फेकायचे का नाही? तर घालून बघितले होते. कुठल्याही कंपनीचे घ्या, मैत्रीच्या मांड्यांवर लालभडक पुरळ. कापडी सुरू केले आणि ते थांबलं. सगळ्याच बाळांचं असं होतं असं माझं म्हणणं नाही, आमच्या बाळाचं झालं. त्यामुळे मागे फिरायचा प्रश्नच नव्हता.

कापडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जुन्या धोतराचा त्रिकोणी लंगोट आणि सेफ्टी पिन येते. हे तसं नसतं हो... बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, आत ओल शोषून घेणारा पॅड, कमरेला लहान-मोठं करायची बटणं. पण ऐकतंय कोण! आई गावाहून फोनवर सांगायची, पायांत एवढं गाठोडं बांधलंस तर पोर फेंगडी चालेल. ती पोर आता सोफ्याला धरून सरळ पायांनी घरभर फिरते, तरी आईचं मत कायम आहे.

ऑफिसातले मित्र तोंड वाकडं करून विचारतात, "मशिनमध्ये धुतोस? तुमच्या कपड्यांच्याच मशिनमध्ये?" अरे बाबा, आधी नळाखाली स्वच्छ करून मग... असो. आणि मी गॅलरीत डायपर वाळत घालायला लागलो की समोरचे आजोबा हमखास विचारतात, "मिसेस माहेरी गेल्यात का?" मी सांगतो, "नाही, आत चहा पितायत."

या सगळ्यांना माझ्याकडे उत्तरं होती. गळण्याला मात्र नव्हतं. घरचे डायपर ठणठणीत कोरडे, आणि काकूंच्या सांगण्यावरून नाव घालून पाळणाघरासाठी वेगळे ठेवलेले, तेवढेच गळायचे. काकू वेळेवर बदलत नसणार, बटणं नीट लावत नसणार, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं.

शुक्रवारी हाफ डे टाकला आणि दुपारी काकूंच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. त्यांना ते आवडलं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "तपासणीला आलाच आहात, तर नीट बघा."

नीट बघितलं. वेळ चुकली नाही, बटणं माझ्यापेक्षा सुबक लागली. पण त्याआधी काकूंनी खोबरेल तेलाची बाटली काढली, तळहातावर चांगलं ओतून घेतलं आणि मैत्रीच्या मांड्यांना, ढुंगणाला चोळून चोळून लावलं. मैत्री खिदळत होती... "दर वेळी लावते. पुरळाचं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

मी पिशवीतला एक धुतलेला डायपर घेतला आणि त्याच्या पॅडवर पाण्याचे थेंब सोडले. अळूच्या पानावर राहतात तसे ते गोल उभे राहिले, मग घरंगळून कडेने खाली. थंड पाण्याच्या धुण्यात तेल निघत नव्हतं, साचत गेलं होतं. कापड पाणी पीतच नव्हतं.

काकू चष्मा लावून वाकून बघत होत्या. मग त्यांनी बाटलीला झाकण लावलं आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे मीच गळवत होते की." मला कसंतरीच झालं... ज्याला मी हलगर्जीपणा म्हणत होतो, ती त्यांची माया होती.

"काकू, सोमवारचा एक दिवस द्या," म्हटलं. तेल घरी आंघोळीआधी मी लावायचं, तिकडे नाही, एवढं ठरलं. शनिवार-रविवार मी बाथरूममध्येच होतो. गरम पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, घासायचं, खळबळून काढायचं, पाण्याचा थेंब टाकून बघायचा... जिरला नाही की परत बादलीत. अस्मिता दारात उभी राहून म्हणाली, "एवढी जिद्द बारावीला दाखवली असतीस तर..."

सोमवारी ऑफिसात कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी जिना चढून वर आलो, तर काकूंच्या दारात एक आई तान्हं बाळ घेऊन चौकशीला आलेली. कापडी डायपर चालतील का, गळतात म्हणे, असं बिचकत विचारत होती.

"काही गळत नाहीत," काकू ठसक्यात म्हणाल्या. "तेल मात्र लावायचं नाही. पाण्याचा थेंब टाकून बघायचा, जिरला की समजायचं ठीक आहे. ही आमची मैत्री बघा, दुपारभर झोपली, गादी कोरडी!"

मी मागे उभा होतो. 'आमची मैत्री' ऐकून डोळे भरून आले. मैत्रीला घेतलं आणि तसाच खाली उतरलो.

काकूंचे आभार मानायचे राहूनच गेले. त्या फेसबुकवर नाहीत, त्यामुळे इथे लिहून भागणार नाही. उद्या सकाळी लेकीला त्यांच्या हातात देताना, तोंडाने म्हणणार आहे.