मोटारीच्या जागेत

पेट्रोल महाग झालं आणि माझ्या सासऱ्यांनी मोटार विकून टाकली. घरात सुतक पडल्यासारखं झालं. सासूबाईंनी जाणाऱ्या मोटारीला हळदकुंकू लावलं, सासरे ती वळणाआड होईपर्यंत फाटकात उभे राहिले. मला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि चेहरा पाडून उभं राहणं जड जात होतं. मोटार गेली म्हणजे तिची खोली रिकामी झाली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या घरात मोटारीला स्वतःची खोली होती, मला नव्हती.

सावनेरहून लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. 'लग्नानंतरही शिकेल की' असं दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी एकमेकांना सांगितलं होतं. मांडवात दिलेले शब्द मांडवाबरोबरच गुंडाळले जातात. माझी पुस्तकं ट्रंकेत गेली आणि ट्रंक पलंगाखाली. घरात सासू, सासरे, हे आणि मी, शिवाय येणारेजाणारे. कोणी वाईट नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. टोमणे, उपाशी ठेवणं, मारहाण यातलं काहीही माझ्या वाट्याला आलं नाही. फक्त उठल्यापासून झोपेपर्यंत मी कुणाच्या ना कुणाच्या नजरेसमोर असायची. भाजी सासरे आणत. कापड घ्यायला सासूबाई सोबत येत. फाटकाबाहेर एकटीनं पाऊल टाकायला मला कारण नव्हतं, आणि कारणाशिवाय आमच्याकडच्या बायका बाहेर पडत नसत.

मला बी.ए. व्हायचं होतं ते ज्ञानाच्या तहानेनं वगैरे मुळीच नाही. बी.ए. झालं की शाळेत नोकरी मिळते, आणि नोकरी असली की रोज सकाळी पर्स खांद्याला लावून फाटकाबाहेर जाता येतं. मला ते फाटक ओलांडायचं होतं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मी घाबरतच मामाजींना गॅरेज मागितलं, अभ्यासाला म्हणून.

"घे नं बेटा," ते म्हणाले. "नाहीतरी आता तिथं उंदीरच राहतीन."

ते गॅरेज म्हणजे अंगणाच्या टोकाला बांधलेल्या तीन भिंती, वर पत्रे आणि रस्त्याच्या बाजूला दोन मोठाल्या फळ्यांचं दार. अंगणाच्या बाजूला आणखी एक लहान दार होतं, ते बरोबर स्वयंपाकघरासमोर उघडायचं. मधोमध मोटारीखाली शिरायचा खड्डा. मी आठवडाभर पदर खोचून तिथं राबले. भिंतींना चुना लावला. खड्ड्यावर फळ्या टाकून वर सतरंजी अंथरली. संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या एकावर एक रचून पुस्तकांचं कपाट केलं, पत्र्याखाली सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांचं छत ताणलं. ग्रीजचा वास काही केल्या जाईना, तेव्हा मी त्याचीच सवय करून घेतली. पहिल्या दुपारी आत बसून लहान दाराची कडी लावली तेव्हा मला रडू आलं. कडी लावायला दार असणं ही केवढी चैन असते, ते ज्याला मिळालं नाही त्यालाच कळतं.

हिवाळा फार सुखाचा गेला. मग होळी झाली आणि पत्रा तापायला लागला. नागपूरचा उन्हाळा नागपूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. दुपारी पुस्तकाच्या पुठ्ठ्याला हात लागला तर चटका बसायचा. मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन वाचायची, तो वाळला की पुन्हा भिजवायची. परीक्षा तोंडावर आलेली. एक दिवस मला घेरी आली आणि मी अंगणात येऊन बसले. मामाजींनी ते पाहिलं. चार दिवसांत त्यांनी सदर बाजारातून पंखा आणला, ओळखीच्या लोहाराकडून लोखंडी पेटी ठोकून घेतली, गॅरेजच्या भिंतीला खिडकी पाडली आणि तिच्यात कूलर बसवला. आमच्या घरातला तो पहिला कूलर. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडून जो गार सुगंधी वारा आला, त्यानं मी अगदी विरघळून गेले. वाटलं, आता पास होतेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक उघडलं तर सासूबाई उशी घेऊन आल्या.

"घटकाभर पडते वं इथं. तू वाच, मी काही बोलत नाही."

त्यांच्यामागून मामाजी आले. तिसऱ्या दिवशी ह्यांनी जेवणाच्या सुट्टीत घरी यायला सुरुवात केली. आठवड्याच्या शेवटी शेजारच्या दोन काकू, त्यांची नातवंडं आणि माठ असा सगळा संसार माझ्या सतरंजीवर आला. मी कोपऱ्यातल्या पेटीला टेकून घोरण्याच्या तालावर अर्थशास्त्र वाचत होते. शिवाय कूलरला पाणी लागतं, आणि घरातली सून कोण? दर थोड्या वेळानं कुणीतरी डोळे न उघडता म्हणायचं, "सूनबाई, पाणी संपून राहिलं जी." मी बादल्या वाहायची. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, फक्त माझा फुफाटा थंडगार होता.

शेवटी मी मामाजींना सांगितलं, कूलर घरातल्या मोठ्या खोलीत न्या, आईंना उन्हाचा त्रास होतो. तो बसवला त्याच दिवशी गॅरेज रिकामं झालं. एक माणूस फिरकलं नाही. त्या भट्टीत बसून मी परीक्षा दिली. इतकी एकटी आणि इतकी खूश मी पुन्हा कधी झाले नाही.

पण मामाजींच्या मनात भलतंच भरलं. आमच्या सुनेनं स्वतःचा कूलर सासूला देऊन टाकला आणि स्वतः पत्र्याखाली भाजत बसली, ही गोष्ट त्यांनी येईल त्या पाहुण्याला डोळ्यांत पाणी आणून सांगितली. मी लाजून खाली बघायची. खरं कारण सांगायची सोय नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

निकाल लागला, मी पास झाले. नागपूरजवळच्या कन्हानच्या एका शाळेत जागा होती, तिथं अर्ज केला. मी माहेरी सावनेरला गेले असताना नोकरीवर बोलावण्याचं पत्र आलं, ते नागपूरहून मामाजींनीच तिकडे धाडलं. वडिलांनी पेढे वाटले. मी एक नवी पर्स घेतली आणि नागपूरला परत आले, तेव्हा फाटकातूनच वेगळं काहीतरी दिसलं. गॅरेजची रस्त्याकडची मोठी दारं सताड उघडी होती. त्यांना निळा रंग दिलेला. आत बुटकी बाकं, भिंतीवर काळा फळा, खड्डा सिमेंटनं बुजवून गुळगुळीत केलेला. संत्र्यांच्या पेट्या गेल्या होत्या. खिडकीत कूलर परत आला होता. दारावर पाटी होती, तिच्यावर माझं नाव आणि नावापुढे बी.ए. खाली लिहिलं होतं, शिकवणी वर्ग.

मामाजी फळ्यासमोर हात मागे बांधून उभे होते. त्यांचा चेहरा एवढा फुलला होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

"आता कन्हानले जायचं कामच नाही," ते म्हणाले. "उन्हातान्हात बसचे धक्के काहून खायचे तू? सुंठीवाचून खोकला गेला. मोहल्ल्यातली पोरं मी सांगून ठेवली, सोमवारपासून येऊन राहिली."

सासूबाई म्हणाल्या, "मोटार विकल्याचे उरलेले पैसे लावले वं तुह्या मामाजीनं."

नाही म्हणायला समोर थोडं तरी वाईट माणूस लागतं. माझ्यासमोर एकही नव्हतं. रात्री मी ह्यांच्याजवळ विषय काढला. हे म्हणाले, "शिकवायचंच आहे नं? मग इथं काय अन् तिथं काय." पोस्टातून मी कन्हानला नकार कळवला, आणि ते पत्र टाकायलाही मामाजीच गेले.

वर्ग छान चालला, ही आणखी एक पंचाईत. नापास झाला असता तर सुटले असते. मोहल्ल्याची पोरं येत, त्यांची धाकटी भावंडं येत. मी बरं शिकवायची. अंगणातल्या लहान दारानं आत जायची आणि त्याच दारानं स्वयंपाकघरात परत यायची. वीस पावलांचा तो माझा प्रवास. पोरं मात्र सुटल्यावर मोठ्या दारातून आरडाओरडा करत रस्त्यावर पळायची, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. लहान पोरांचा हेवा वाटणं चांगलं नाही, हे कळत होतं, तरी वाटायचा.

अशी कितीतरी वर्षं गेल्यावर एकदा दोन घरं सोडून राहणारे एक पेन्शनर काका आमच्याकडे आले. त्यांच्या सुनेला बँकेतून बोलावणं आलं होतं. काकांच्या हातात मोजमापाची टेप होती, आणि मागे डोक्यावर पदर घेतलेली ती सून. मामाजी उत्साहानं त्यांना गॅरेज दाखवायला लागले. खिडकी कुठे पाडली, फळा किती उंच लावला, सगळं सांगून झालं.

"हिलेही असंच करून देतो," काका मला म्हणाले. "टायपिंगचा क्लास. घरच्या घरी. काहून, बरं राहते नं?"

ती पोरगी माझ्याकडे बघत होती. तिला माझ्याकडून काय ऐकायचं आहे ते मला कळलं.

"नका करू, काका," मी म्हणाले. "तिले बँकेत जाऊ द्या. मले इथं कोंडल्यावानी होते."

काकांनी टेप गुंडाळली आणि पाणी न पिताच गेले. मामाजी तिथंच, पोरांच्या बुटक्या बाकावर बसले. त्यांचे गुडघे छातीला लागले होते.

"इतकी वर्षं बोलली काहून नाही, बेटा?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं केलं होतं, मामाजी."

"मले काय माहीत," ते म्हणाले. मग ते फळ्याकडे वळले. "कन्हानच्या शाळेत अजून जागा असंन काय? मी जाऊन विचारतो."

"आता तिथं बी.एड. लागते. माह्याजवळ नाही."

त्यांनी मान खाली घातली. मला त्यांची फार दया आली आणि तितकाच रागही आला, आणि एकाच माणसाबद्दल वाटणाऱ्या या दोन्हींचं काय करायचं ते कळेना. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. चेहरा एकदम उजळला होता.

"बी.एड. घरबसल्या होते काय? होत असंन तं मी या भिंतीले अजून एक खिडकी काढून देतो. तुले वाचाले उजेड होईन."

मी हसले. रडले असते तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला असता.