मीठबंदीचं कुलूप

नदीत मीठ किती आलंय हे गावाला सांगायचं काम वीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. गाव त्यांना गोडेकाका म्हणायचं. आडनाव वेगळंच होतं, पण पाणीखात्याच्या फळ्यावर रोज ‘आज पाणी गोडं’ लिहिणाऱ्याला दुसरं काय म्हणणार?

उन्हाळ्यात नदी रोडावली की भरतीबरोबर समुद्र आत यायचा. साबणाला फेस येईना, चहा फाटायला लागला, कुंड्यांतली रोपं करपली. लोक तक्रार घेऊन आले की गोडेकाका यंत्राकडे बोट दाखवत. “मिठाचा आकडा ऐंशी. चालतो अडीचशेपर्यंत. यंत्र खोटं बोलत नाही, जीभ बोलते.” गाव आपापली जीभ घेऊन गुपचूप घरी जाई.

घरी मात्र काकूंचा रक्तदाब चढला होता. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं. गोडेकाकांनी मिठाचा डबा कपाटात घातला, कुलूप ठोकलं आणि चावी जानव्यासारखी जपली. महिनाभर दोघांनी अळणी भाजी गिळली. तरी दाब आणखी वर! डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील.

“शेजारी जाऊन चाटून येतेस ना?” काका म्हणाले.

“चाटायला मी शेळी आहे का?” काकूंनी त्यांच्या खिशातून चावी ओढली, कुलूप काढलं आणि त्यांच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत आदळलं. “घ्या तुमचं कुलूप. लावा जाऊन नदीला!”

त्या दिवशी धक्क्यावर भन्नाट वारा होता. नमुना घ्यायची, बूच लावून दोरीला बांधलेली रिकामी बाटली पाण्यावर नाचत दूर पळत होती. वजन म्हणून काकांनी पिशवीतलं कुलूप तिच्या गळ्यात अडकवलं. बाटली सरळ तळाला. तिथेच त्यांनी बुचाची दोरी ओढली, बाटली वर घेतली, यंत्रात धरली.

सहाशे चाळीस.

त्यांनी यंत्र पुसलं, झटकलं, पुन्हा पाहिलं. सहाशे चाळीस. खारं पाणी जड, ते खाली बसतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. गावाला पाणी देणाऱ्या पंपाचं तोंड तळाला, काकांची बाटली रोज वर. वीस वर्षांत दोघांची गाठ पडली नव्हती.

पाणीखात्याच्या साहेबांनी आकडा ऐकून पंखा वाढवला. “वरचं घ्या. नियमात वरचं आहे.”

“लोक खालचं पितात, साहेब.”

“लोक नियमात नाहीत. गोडं लिहा आणि मोकळे व्हा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कशाला खाजवून खरूज काढता?”

काकांनी खडू उचलला. हात सवयीने ‘गो’पर्यंत गेला. मग त्यांनी ते बोटाने पुसलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘तळाला सहाशे चाळीस. पिऊ नका.’ दुपारपर्यंत फळ्यापुढे ही गर्दी! साहेबांनी तातडीने कारवाई केली: काकांना नोटीस, विषय ‘बाटलीस अनधिकृत वजन’. पंपही भरतीच्या वेळी बंद ठेवायला लागला, पण तो साहेबांचा दूरदृष्टीचा निर्णय होता, असं साहेब सांगतात.

संध्याकाळी काका ओलं कुलूप घेऊन दारात उभे राहिले. “चूक माझी. मीठ तू नाही खाल्लंस. मीच पाजलं.”

“हेच उद्या फळ्यावर लिहा,” काकू म्हणाल्या.

तेवढं धैर्य काकांना झालं नाही. पण आता ते रोज कामाआधी सायकलला दोन कॅन लावून वरच्या विहिरीचं पाणी आणतात. कुलूप स्वयंपाकघरातल्या नळाला आहे. चावी काकूंकडे.