उस्ता नुसरतचं जांभळं झाड

इराणातल्या महल्लात गावात शोभेची झाडं करणारे शंभर जण असतील, पण जांभळ्या पानांच्या आलुबुखाराचा डोळा भरावा तर उस्ता नुसरतनंच. पन्नास वर्षं त्यानं दुसरं केलं काय? गावठी हिरव्या आलुबुखाराचा खुंट घ्यायचा, त्यावर जांभळ्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा, आणि खुंटाला खालून फुटवे आले की उडवायचे. स्वभावानं महाखडूस. दोन्ही मुलांना कान पिळून कलम शिकवलं. ते तेहरानला टॅक्सी चालवायला निघून गेले.

त्याच्या रोपांत एक वेगळंच निघालं होतं. वांग्यासारखी काळी-जांभळी पानं, भर उन्हाळ्यातही रंग तस्साच. यंदाच्या थंडीत ते मूळ झाड मेलं. म्हातारा आठ दिवस धड जेवला नाही. मग आठवलं, त्याचं एकुलतं एक कलम चार वर्षांपूर्वी दलीजानला लेकीच्या, माहरुखच्या दारात लावलं होतं. ते जगलं असेल तर जात वाचली, नाहीतर संपलं सगळं. त्यानं सकाळची बस धरली.

माहरुख वाडगा घेऊनच समोर आली. हिरवेगार, करकरीत आलुबुखार, वर मीठ.

"खा बाबा, तुमच्याच झाडाचे! अख्खी गल्ली मागायला येते."

उस्तानं वाडग्याला हातही लावला नाही. तो तसाच अंगणात गेला. झाड चांगलं डवरलेलं होतं, पण पान न् पान हिरवं.

"जांभळ्या फांद्या कुठायत?"

"त्या होय? खालून हे हिरवे फुटवे आले, त्यांना फळं धरली. धरलेलं फळ कोण तोडेल? वरच्या वाळत गेल्या, मग ह्यांनी छाटून चुलीत घातल्या."

"अगं गाढवे, तो खुंट होता! खुंटानं माझं झाड खाल्लं! एवढंही कळू नये?"

"कसं कळणार?" माहरुखचाही आवाज चढला. "दादांना हाताला धरून शिकवलंत. मला कधी वाफ्यात पाऊल टाकू दिलंत का?"

 उस्ता झाडापाशी उकिडवा बसून बुंध्यावरची जुनी गाठ बोटांनी चाचपत राहिला. मग म्हणाला, "इकडे ये. इथं डोळा भरला होता. ह्याच्या खाली काही फुटलं की कापायचं."

माहरुख शेजारी टेकली. "आता कापू?"

"आता काय कापतेस पोरी," तो म्हणाला, "वर काही राहिलंच नाही."