पंगतीतली खुर्ची

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझी मुलगी प्रज्ञा आमच्या लातूरच्या घरात एका पायावर उड्या मारत होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा आठवा महिना, हाच तिचा व्यायाम. मी फोन ठेवला आणि तिला सांगितलं. ती भिंतीला टेकली. म्हणाली, "मामानं आज उड्यांचा व्हिडिओ मागितला होता..." तासाभरात आम्ही नांदेडच्या एसटीत होतो.

प्रकाशदादा माझा थोरला भाऊ. दिवसा रेल्वेत नोकरी आणि संध्याकाळी मैदानावर पोरापोरींना फुटबॉल शिकवणं, एवढंच त्याचं जग. सुट्टीत मामाकडे जाऊन जाऊन प्रज्ञा खेळायला लागली आणि पुढे गोव्यातल्या एका क्लबनं तिला करारावर घेतलं. पहिल्याच हंगामात चेंडू घेऊन वळताना तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. क्लबच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, निदान नऊ महिने; आणि त्यानंतरही या पायात दुसऱ्या पायाइतकी ताकद भरली तरच मैदान.

सहाव्या महिन्यात गुडघा दुखायचा थांबला आणि तिथंच घोळ झाला. दादाच्या मैदानावर स्पर्धा होती. सामन्यांच्या आदल्या दिवशी सगळ्यांची पंगत, ही त्यानंच पाडलेली पद्धत. प्रज्ञा सतरंजीवर बसली आणि तिनं व्यवस्थित मांडी घातली. आमच्याकडे गुडघ्याची परीक्षा हीच. मांडी जमली की माणूस बरा. आयोजकांतले एक काका म्हणाले, "झाली की पोरगी ठणठणीत. उद्या जरा वेळ उतरव तिला, प्रकाश. लोक विचारून राहिले." प्रज्ञाचा चेहरा खुलला. माझ्या नवऱ्यानंही मान हलवली.

दादा नेहमीसारखा खुर्चीवर ताट घेऊन बसला होता. पंगतीत खुर्चीवर बसणारा तो एकटाच. पोरं त्याला 'व्याहीबुवा' म्हणून चिडवायची आणि तो म्हणायचा, "मानपान करा मग." त्या दिवशी त्यानं ताट बाजूला ठेवलं.

"मीबी अशीच मांडी घालून दाखवली होती. ह्याच मैदानावर, आमच्या सरांसमोर. सर म्हणले, उतर. उतरलो... तवापासून खुर्चीवर जेवून राहिलो."

मला, सख्ख्या बहिणीलाही, हे ठाऊक नव्हतं. घरी त्यानं जिन्यावरून पडलो एवढंच सांगितलं होतं.

"मांडी आली म्हणजे जेवायला बरी झाली," तो प्रज्ञाला म्हणाला. "खेळायला न्हाई. वाढा रे भाजी."

प्रज्ञा चिडली, चार दिवस मामाशी बोलली नाही. मग तिनंच फोन केला. त्यानंतर रोज व्यायामाचा व्हिडिओ पाठवायचा, असं ठरून गेलं. दादा काही डॉक्टर नव्हता आणि तसा आवही आणायचा नाही. "डॉक्टर काय म्हणले? मग तेवढंच कर," एवढंच त्याचं उत्तर. घाई मात्र त्याला लांबून ओळखता यायची.

दादा गेल्यानंतर पुण्यानुमोदन झालं, म्हणजे त्याच्या स्मरणाचा विधी आणि जेवण; त्या दिवशी त्याची खुर्ची कोणीतरी भिंतीशी सरकवून ठेवली होती. प्रज्ञानं ती ओढून पंगतीत आणली आणि ताट घेऊन तिच्यावर बसली. तेच काका म्हणाले, "अगं, तुला तर मांडी येते की."

"येते, काका. डॉक्टर अजून हो म्हणले नाहीत."

काकांनी स्वतः उठून तिला वरण वाढलं.

दहावा महिना संपता संपता डॉक्टर हो म्हणाले. गोव्यातल्या सामन्यात शेवटची काही मिनिटं तिला उतरवलं. रात्री फोनवर गोलाचं नाही, निकालाचं नाही, एवढंच बोलली, "आई, वळले. त्याच पायावर, दोनदा."

परवा नांदेडला गेले तेव्हा मैदानावर पंगत बसली होती. दादाच्या खुर्चीवर घोटा मुरगळलेली एक मुलगी ताट घेऊन बसलेली. कोणीतरी तिला विहीणबाई म्हणालं.

"मानपान करा मग," ती म्हणाली आणि जेवायला लागली.